तीन नंबरचा डबा

मंगळवार, ११ फेब्रुवारी

तीन नंबर खोटं बोलतोय. बोलत असावा. खोटंच बोलत असू दे!

काल पंधरा इंच दाखवत होता, आज सकाळी अकरा. बाहेर थंडी अशी की दाराची कडी हाताला चिकटते. आणि हा डबा म्हणतो, बर्फ पातळ होतोय!

बाकीचे सहा ठीक. बेटापासून पलीकडच्या एल्बा गावापर्यंत सरोवरावर जो बर्फाचा रस्ता आहे, त्याच्या कडेनं मी डिसेंबरात सात डबे रोवले. प्रत्येकात एक छोटा कॉम्प्युटर-बोर्ड, एक रेडिओ, डोक्यावर छोटा दिवा, आणि खाली बर्फातून पाण्यापर्यंत गेलेली काठी — तिच्यावर ओळीनं सेन्सर. माझी पायथन भाषेतली स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, सगळ्यांना विचारते, बर्फ किती जाड ते ठरवते, आणि एक जरी डबा बारा इंचांच्या खाली गेला की दोन्ही काठांच्या धक्क्यांवरचा हिरवा दिवा लाल करते. मला न विचारता. मुद्दामच तसं लिहिलं. मला विचारलं असतं तर मी ‘नाही’ म्हणायला धजले असते का?

आज तिनं ‘नाही’ म्हटलं. आणि दात घासायच्या आत लाइलचा फोन. लाइल आमच्या बेटाचा अध्यक्ष. तो बोलत नाही, ओरडतो. “पोरी, हाडं गोठायला लागलीत आणि तुझा दिवा लाल? बर्फ कोण वितळवतंय, तू?”

म्हटलं, बघते.

बघते म्हटलं खरं. उद्या तिथे जावंच लागणार.


बुधवार, १२ फेब्रुवारी

गेले. तीन नंबर नेमका अरुंद भागात, जिथे बेट आणि किनारा जवळ येतात. गिरमिट घेतलं, पण डब्याच्या अगदी जवळ जायची हिंमत झाली नाही — रस्त्याच्या मधोमध भोक पाडलं. पंधरा इंच! हसूच आलं. मोठ्यानं हसले, एकटीच, त्या पांढऱ्या पसाऱ्यात.

म्हणजे डबा बिघडलाय. मग धीर करून त्याच्याशी गेले, लॅपटॉप कोटाखाली धरून वायर जोडली. पडद्यावर पायथनचे ते तीन बाण आले, सांग काय करू असं विचारणारे. स्क्रिप्ट थांबवली आणि एकेका सेन्सरला हातानं विचारलं. वरून खाली. सगळ्यांनी नीट उत्तरं दिली. वरचे थंड, मधले थंड. खालचे तीन गोठणबिंदूच्या वर. नुसते वर नाही — चांगलेच वर. म्हणजे तिथे बर्फ नाही, कोमट पाणी.

बिघडलेला सेन्सर असा बोलत नाही. बिघडलेला वेडंवाकडं बोलतो, नाहीतर गप्प बसतो. हा शांतपणे, पुन्हापुन्हा, तेच सांगत होता.

परत येताना गाडीत रेडिओ लावला नाही. खालून आवाज येतो का ते ऐकत आले.


गुरुवार, १३ फेब्रुवारी

नऊ.


शुक्रवार, १४ फेब्रुवारी

डोरीनच्या कॅफेत सभा. म्हणजे सभा नव्हती, मी कॉफी प्यायला गेले आणि सभा झाली.

गॅसचा टँकर पलीकडे अडकलाय. शाळेत कोट घालून वर्ग चाललेत. पातळ बर्फावरून माणसं नेणाऱ्या पंख्याच्या घसरगाडीचं इंजिन फुटलेलं, भाग पुढच्या आठवड्यात येणार. आणि हे सगळं माझ्यामुळे! मीच जाऊन सरोवर वितळवलंय असं सगळे बघत होते.

लाइल टेबलाशी आला. “तू स्वतः भोक पाडलंस. पंधरा इंच. खरं की नाही?”

“खरं. पण डब्यापासून लांब.”

“एक ओळ आहे ना तुझ्या त्या प्रोग्रामात, तीन नंबरची? तिच्यापुढे ते कुंपणासारखं चिन्ह टाकलं की ती ओळ झोपते, असं तूच शाळेच्या पोरांना शिकवतेस. मग टाक की!”

“लाइल, तुम्हाला वाटतं तसं —”

“मला काय वाटतं ते सोड. बेटाला जळण हवंय.”

मग ट्रेंट. माझ्या बहिणीचा नवरा, मारेनचा. एरवी चांगला आहे, पण पाच माणसं जमली की त्याला चेव येतो. “माझी बायको काय तुझ्या डब्याला विचारून बाळंत होणार? ‘माफ करा बाई, आज अकरा इंच, उद्या या!’” सगळे हसले. मारेनला अजून तीन आठवडे आहेत. बाळ आडवं आहे, डॉक्टरांनी सांगितलंय की घरी जमणार नाही, पोट उघडावंच लागेल. तो हसत होता, पण रिकामा कप पुन्हापुन्हा तोंडाला लावत होता.

डोरीननं जाताना पिशवीत मासळीचा तुकडा घातला. म्हणाली, “खा काहीतरी. भुतासारखी दिसतेस.”


शनिवार, १५ फेब्रुवारी

लाइल घरी आला. बूटसुद्धा काढले नाहीत. स्वयंपाकघरात बर्फाचं पाणी करून ठेवलं. “पंचांनी ठरवलंय. तीन नंबर वगळायचा. आता, माझ्यासमोर.”

मी टाकलं ते चिन्ह. एक बोट, एक कळ. स्क्रिप्ट पाठवली. खिडकीतून धक्का दिसतो — दिवा हिरवा झाला. लाइल म्हणाला, “बघ. आभाळ कोसळलं का?” आणि गेला.

मी उभीच. हात टेबलावर. आणि धक्क्याच्या उतारावरून एक गाडी खाली निघाली. निळी. डोरीनची!

पायात मोजे होते फक्त. तशीच धावले. काय ओरडले ते आठवत नाही. घसरून पडले, उठले, दोन्ही हात हलवत बर्फावर गेले. डोरीननं काच खाली केली. “अगं, काय झालं? कोण मेलं?”

“कोणी नाही. कोणी नाही. परत जा. परत जा ना!”

ती गेली परत. जाताना तिच्या गाडीतलं घोंगडं माझ्या अंगावर टाकलं.

घरी येऊन ते चिन्ह खोडलं. लाल. लाइलला फोन करून सांगितलं की मी खोडलंय, आणि पुन्हा टाकणार नाही, काढा मला. त्यानं नुसता फोन ठेवला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.


रविवार, १६ फेब्रुवारी

आज खरं काय ते कळलं.

कंबरेला दोर, दुसरं टोक रस्त्यावरच्या खांबाला. तीन नंबरच्या जवळ गेल्यावर आडवी झाले आणि पोटावर सरकत गेले. गिरमिट पुढे ढकलत. डब्याच्या अगदी शेजारी भोक पाडायला लागले. दोनदा फिरवलं असेल. तिसऱ्यांदा गिरमिटाला काही लागलंच नाही. हात खांद्यापर्यंत खाली गेला. काळं पाणी वर आलं, बाहीत शिरलं.

चार बोटं. बर्फ चार बोटं!

वरून बघाल तर तसाच पांढरा, तसाच घट्ट. फरक काही नाही. काहीच नाही! मी तिथे पालथी पडून राहिले. हलायची भीती. श्वास घ्यायची भीती. खाली पाणी जातंय ते ऐकू येत होतं — नळ उघडा राहिल्यासारखं.

आता समजतंय. आठवडाभर पश्चिमेचा वारा आहे. बाहेरच्या उघड्या सरोवरात तो वरचं पाणी ढकलतो, आणि तळाचं, जरा उबदार, या अरुंद भागातून वर येतं. खालून बर्फ खातं. पट्टा असेल लहानच, पण रस्त्याच्या बरोबर वाटेवर सरकतोय.

लाइलला बोलावलं. तो आला, लांब उभा राहिला, भोकाकडे बघितलं. तोंडातली काडी फेकली. “एका भोकावरून रस्ता बंद होत नाही, पोरी.”

मग जरा वेळानं, दुसरीकडे बघत, “दोन जादाचे डबे आहेत ना तुझ्याकडे? उत्तरेकडून वळसा घालून बघ. पण मी हो म्हणेपर्यंत त्या वाटेवर कोणी चाक घालायचं नाही. आणि पंचायतीच्या पैशानं घेतलेलं गिरमिट मोडू नकोस.”

दोन नंबरपासून डावीकडे वळून चारला येऊन मिळणारी वाट आखली. दिवसभर भोकं. सगळीकडे चौदा, पंधरा. आठ आणि नऊ नंबर तिथे रोवले.

दोन्हीकडचे दिवे लालच.


सोमवार, १७ फेब्रुवारी

बर्फ कण्हतो. लहानपणापासून ऐकत आले, कधी काही वाटलं नाही. आज प्रत्येक आवाजाला उठून उभी राहते.


मंगळवार, १८ फेब्रुवारी

स्वयंपाकघराच्या टेबलावर एक सुटा बोर्ड ठेवून दिव्यांची छोटी स्क्रिप्ट लिहिली. आतापर्यंत डब्यांवरचे दिवे धुकं पडलं की सगळे एकदम लागायचे. आता इथे बसून कुठलाही एक लावता येतो, विझवता येतो. कशाला हवंय? माहीत नाही. काहीतरी करत राहिलं की भीती जरा कोपऱ्यात बसते.

मारेन आली होती. पाय सुजलेले. ओव्हनमध्ये बटाट्याचं हॉटडिश भाजलं होतं, दोनदा वाढून घेतलं तिनं, आणि मग चमचा खाली ठेवून म्हणाली, “सिग्ने, खरं सांग. पातळ आहे?”

“आहे.”

“ट्रेंट म्हणतो तू उगाच घाबरट.”

“आहे मी घाबरट. पण ते वेगळं.”

ती रडली नाही. टेबलावरचा बोर्ड उचलून त्याचा दिवा लाव-विझव करत बसली. म्हणाली, “शुक्रवारी घसरगाडीचा भाग येतोय. मी शनिवारी पलीकडे जाऊन राहते हॉस्पिटलजवळ. तोवर हा आत बसेल ना गप्प?” आणि पोटावर हात ठेवला.

बसेल, म्हटलं. मला काय माहीत!


गुरुवार, २० फेब्रुवारी

झालं ते सगळं लिहून काढते. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

सकाळपासून वादळ. खिडकीतून अंगणातलं झाड दिसेना, धक्का तर दूरच. जेवणाच्या वेळेला ट्रेंटचा फोन. पाठीमागे गाडीचं इंजिन. “पाणी गेलंय तिचं. हेलिकॉप्टर उडत नाही म्हणतात. मी निघालोय.”

“कुठे निघालायस? ट्रेंट! दिवा लाल आहे!”

“मग काय करू? सांग ना काय करू! स्वयंपाकघरातल्या सुरीनं पोट फाडू?”

मागून मारेनचा आवाज. शब्द नव्हते.

असं असतं ते — लाल लावला तरी माणूस मरतो, हिरवा लावला तरी मरतो.

मी म्हटलं, “ऐक. जुन्या रस्त्यानं जायचं नाही. दोननंतर डावीकडे वळायचं. जो दिवा लागलेला दिसेल त्याच्याकडेच जायचं. विझलेल्याकडे नाही. मी एकच लावीन, तुझ्या पुढचा. कळलं? ट्रेंट?”

फोन तुटला होता. किती ऐकलं त्यानं, देव जाणे.

लॅपटॉप उघडला. तीन बाण. सगळे दिवे विझवायचे, मग फक्त एक नंबर लावायचा — एवढीशी गोष्ट. पहिल्या वेळी कंस बंद करायला विसरले. चूक दाखवणारी ओळ आली. दुसऱ्या वेळी अक्षर उलटं. बोटं माझी नव्हतीच! डावा हात उजव्यानं धरून टाइप केलं. एक चालू.

डब्यात हादरा मोजायचा सेन्सर आहे, गाड्यांची वर्दळ कळावी म्हणून. तेवढ्यावरूनच बघत होते. एक नंबरचा हादरा आला. आले ते! एक विझवला, दोन लावला. वाट बघितली. मी मोठ्यानं बोलत होते, “ये, ये, ये.” दोन हादरला. दोन विझवला. आठ लावला — वळणावरचा. आता सगळं त्या एका दिव्यावर. त्या वादळात तो किती दिसणार? काजव्याएवढा.

काही नाही. आठ शांत. अजून शांत.

आणि तीन हादरला.

एवढा मोठा आकडा त्या सेन्सरनं कधी दिला नव्हता. मग तीन नंबर गप्प. विचारलं, उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. पडद्यावर नुसती रिकामी ओळ.

मी खाली बसले. जमिनीवर. मारेनच्या पायांचाच विचार येत होता, सुजलेल्या, बुटात न मावणाऱ्या. थंड पाणी. मी दिवा लावला होता ना. आठ लावला होता ना! की चुकून तीन लावला? वर बघायची हिंमत होईना.

आणि मग तो छोटा आवाज. नवा आकडा आला की लॅपटॉप करतो तो.

आठ.

आठ हादरला! मी ओरडले की रडले कळत नाही. आठ विझव, नऊ लाव. नऊ हादरला. चार. पाच. सहा. सात. आणि सातच्या पुढे लगेच पलीकडचा धक्का. ठेचकाळत, पण एकामागून एक.

तीन नंबर मग स्वतःच बुडाला असणार, त्या चार बोटांच्या बर्फातून, वादळाच्या धक्क्यानं. नेमका त्याच क्षणी! माझं काळीज घेऊन गेला.

अजून बसलेय. फोन वाजायची वाट बघत.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

मुलगी! मारेन ठीक. मुलगी ठीक, लाल, चिडलेली, मुठी वळून. ट्रेंट फोनवर हुंदके देत होता. “तू घाबरट नाहीस,” म्हणाला. मी म्हटलं, आहे रे बाबा, आहे.

वादळ अजून चालूच. जो तो आपापल्या घरात कोंडलेला.

लाइलला सांगायला फोन केला, की वळसा चालतो, तुमची परवानगी न घेता चालवला, काय शिक्षा द्यायची ती द्या. उचलत नाही. फुगला असणार.

एक गोष्ट कळली नाही. ट्रेंट म्हणाला, “तुझा वळणावरचा दिवा दिसलाच नाही मला, तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी सरळच चाललो होतो. बरं झालं, तू तो माणूस उभा केलास.”

“कुठला माणूस?”

“अगं तोच. तोंडाला मफलर, रस्त्यात आडवी गाडी लावलेली, लाल टॉर्च घेऊन नाचत होता. बोनेटवर थापा मारल्या आणि डावीकडे हाकललं मला. मग पुढे दिसला दिवा.”

मी कोणालाही उभं केलं नव्हतं.


शनिवार, २२ फेब्रुवारी

हवा उघडली. तीन नंबरच्या अलीकडे गाडीच्या आकाराचा नवा बर्फ धरलाय, पातळ, काळा. पोलिसांचे पाणबुडे खाली आहेत. लाइलचं घर उघडंच सापडलं, गाडी नाही.

डोरीन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, गुरुवारी सकाळी ट्रेंट कॅफेत सांगून गेला होता, वेळ आली तर लाल असो की हिरवा, मी जाणार. तो गेल्यावर लाइलनं भिंतीवरची लाल टॉर्च काढून घेतली. तिनं विचारलं कशाला. तर म्हणाला, “सिग्नेचा डबा खरं बोलतोय. तिला सांगू नकोस, डोक्यावर चढून बसेल.”